दीड हाताची वाट

‘मध्यम’ या शब्दाला आपल्या बोलण्यात फारशी किंमत नाही. पोरगा अभ्यासात कसा आहे? मध्यम. स्थळ कसं आहे? मध्यम. म्हणजे नाव ठेवायला जागा नाही आणि कौतुक करावं असंही काही नाही. एका संगीतातच काय तो या शब्दाला स्वराचा मान मिळाला. मला मात्र गेल्या सात-आठ वर्षांत हा शब्द एका वेगळ्याच ठिकाणी भेटला आणि तिथं त्याच्याशी माझी चांगली दोस्ती जमली. ते ठिकाण म्हणजे डोंगरातली सायकलीची वाट.

बर्फावरून घसरत जाण्याचा जो खेळ परदेशात खेळतात, त्यातल्या उतारांना अवघडपणाप्रमाणे रंगांच्या खुणा असतात. तीच पद्धत डोंगरी सायकलस्वारांनी उचलली. हिरवा गोल म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम, आणि पत्त्यांतल्या चौकटसारखी काळी खूण म्हणजे अवघड. दोन काळ्या चौकटी दिसल्या, तर आधी घरच्यांचा निरोप घ्यावा. अमेरिकेत १९८८ साली डोंगरी सायकलस्वारांची एक संघटना स्थापन झाली, तिनं या खुणांची मोजमापंही ठरवली आहेत. मध्यम वाट किमान चोवीस इंच रुंद हवी. तिचा सरासरी चढ शंभराला दहापेक्षा जास्त नको. मधूनच एखादा टप्पा पंधराचा किंवा त्याहून खडा आला तरी चालेल. आणि वाटेत टाळता न येणारा दगड किंवा मूळ आठ इंचांपेक्षा उंच नसावं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सवयीनं आपल्या मापात करून पाहिलं. चोवीस इंच म्हणजे दीड हाताला थोडं कमी. आठ इंच म्हणजे वीतभरसुद्धा नाही. आणि शंभराला दहा म्हणजे शंभर पावलं पुढं जाताना दहा पावलं वर. दीड हात रुंद, वीतभर दगडांची वाट! अशा वाटा तर आपल्या सह्याद्रीत गावोगाव आहेत. फरक इतकाच की त्या कुणी सायकलीसाठी बांधलेल्या नाहीत. या फरकाकडं मी नंतर येणार आहे, कारण आजचं बोलणं खरं तर त्याबद्दलच आहे.

डोंगरी सायकलीचा जन्म सान फ्रान्सिस्कोजवळच्या टेकड्यांवर झाला असं मानतात. १९७० नंतरच्या दशकात तिथल्या काही पोरांनी जुन्या, जाडजूड टायरच्या सायकली भंगारातून काढून मातीच्या रस्त्यावरून खाली सोडायला सुरुवात केली. १९७६ साली त्यांनी शर्यतही लावली. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या तुंब्यातच ब्रेक असायचा. तो उतारावर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर तुंबा उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच ‘रीपॅक’ पडलं, म्हणजे ‘पुन्हा भरा’. त्याच्याही आधी, १९५५ साली, इंग्लंडमध्ये खडकाळ वाटांवर सायकली नेणाऱ्यांनी एक मंडळ काढलं होतं. ते लोक टाय बांधून निघायचे आणि जिथं चालवता येत नाही तिथं सायकल खांद्यावर घ्यायचे. आणि मला विचाराल तर या दोघांच्याही आधी आपला गवळी होता. माझ्या लहानपणी सिंहगडाच्या बाजूनं येणारे दूधवाले मी पाहिले आहेत. गियर नाही, दोन्ही बाजूंना किटल्या, मागं चाऱ्याची पेंढी. त्यांच्या वाटेला कुणी निळा चौकोन लावला नाही, एवढंच.

आता माझं आणि सायकलीचं नातं थोडक्यात सांगतो. अब्बांचं भवानी पेठेत सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, रस्त्यालगतची एक खोली. पाच-सहा सायकली तासावर भाड्यानं द्यायच्या, उरलेल्या वेळात दुरुस्ती. तासाला आठ आणे. मडगार्डवर पांढऱ्या रंगानं नंबर, वहीत नाव आणि वेळ. पुणं हे तेव्हा खरंच सायकलींचं शहर होतं. कारखाना सुटायच्या वेळी रस्त्यावर घंट्यांशिवाय दुसरा आवाज नसे. मी शाळेतून आलो की पाण्याच्या घमेल्याजवळ बसायचो. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा कुठून येतो ते पाहायचं, तिथं खूण करायची, कोरडं करून घासायचं, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. अब्बा म्हणायचे, घाई करणाऱ्याचं पंक्चर दुसऱ्या चौकात पुन्हा निघतं. पुढं मी बी.ए. झालो, मराठीत कविता लिहायला लागलो, पोटासाठी छापखान्यात मुद्रितं तपासली. दुकान बंद पडलं, अब्बाही गेले. ज्या अॅटलास सायकलींवर आमचं घर चाललं, त्या कंपनीचा शेवटचा कारखानाही २०२० च्या जून महिन्यात बंद झाला. आणि तोही जागतिक सायकल दिनी.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी साखरेचा आकडा सांगितला आणि मी पुन्हा सायकलीवर बसलो. आधी वेताळ टेकडीच्या पायथ्यापर्यंत, मग टेकडीवर. तिथं सकाळी भेटणाऱ्यांचा आमचा सात जणांचा एक गट झाला. त्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, बँकेतल्या एक बाई आहेत, बाकी संगणकवाली पोरं. वयानं मी सगळ्यांत मोठा, त्यामुळे सगळ्यांचा काका. पोरांच्या सायकलींची किंमत मी विचारत नाही. एकदा विचारली होती, दोन दिवस झोप लागली नाही.

वर्षातून दोनदा आम्ही मोठी फेरी करतो. एक दिवाळीनंतर, दुसरी माघात, डोंगरात वणवे पेटायच्या आधी. पावसाळ्यात मुळीच जात नाही. लोकांना वाटतं, हिरवंगार असताना का नाही? कारण ओल्या मातीत चाकाचा चर पडतो, त्या चरातून पाणी वाहतं आणि पुढच्या वर्षी तिथं वाटेच्या जागी घळ झालेली असते. पायानं वाट रुळते, चाकानं ती फाटते, निदान पावसात तरी.

रस्ता सांगतो. शुक्रवारी दुपारी, माझी जुम्म्याची नमाज झाली की निघायचं. खडकवासल्याच्या चौपाटीवर भाजलेल्या कणसांचा धूर, गाड्यांची गर्दी. डोणज्याजवळ सगळं पुणं डावीकडं सिंहगडाला पिठलं-भाकरी खायला वळतं. आम्ही सरळ खानापूरला जातो आणि पुढं पानशेतच्या रस्त्याला धरणाच्या पाण्याजवळ तंबूंचा एक तळ आहे, तिथं पहिला मुक्काम करतो. शनिवारी उजाडता उजाडता मागं खानापूरला येऊन रांजण्याकडं वळायचं आणि पाबे घाट चढायचा. घाटात डांबर आहे. पण आसपास जिथं जुनी गाडीवाट सापडेल तिथं आम्ही डांबर सोडतो. खिंडीत पोचलं की समोर एकदम राजगड आणि तोरणा, दोघंही. मागं वळलात तर सिंहगड. तीन गडांच्या मधोमध उभं राहून बिस्किटं खायची जागा महाराष्ट्रात दुसरी असेलही, पण मला ठाऊक नाही.

खिंडीच्या पलीकडं उतार आहे आणि मध्यम म्हणजे काय ते तिथं कळतं. कठीण जमिनीवर सुटा मुरूम पसरलेला असतो, गोट्यांवर चालल्यासारखं होतं. नवा माणूस घाबरून पुढचा ब्रेक आवळतो आणि सायकलीच्या पुढं जाऊन पडतो. अशा वेळी बैठक खाली घ्यायची, अंग मागं न्यायचं, दोन्ही पायटे जमिनीला समांतर ठेवायचे, ब्रेकवर एक-एकच बोट. टायरमधली हवाही रस्त्याच्या मानानं निम्मी ठेवायची, म्हणजे ते दगडाला धरून चालतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे नजर. ज्या दगडाकडं बघाल त्याच दगडावर जाल. बघायचं ते दोन दगडांच्या मधल्या जागेकडं. हे सायकलीइतकंच शुद्धलेखनालाही लागू आहे, पण तो विषय वेगळा.

मात्र माझ्या मते मध्यम वाटेची खरी परीक्षा चालवण्यात नाही, उतरण्यात आहे. सोप्या वाटेवर उतरावं लागत नाही. अवघड वाटेवर जाणाऱ्याला उतरायला लाज वाटते. मध्यम वाटेवर दर दहा मिनिटांनी स्वतःला विचारावं लागतं: हे जमेल की ढकलत न्यायचं? उत्तर दर वेळी वेगळं असतं. सकाळी चढलेली पायरी दुपारी चढवत नाही. आमच्या पोरांना हे पटायला दोन वर्षं आणि एक खांद्याचं हाड लागलं.

वेल्ह्यात दुपारचं जेवण. तोरण्याच्या पायथ्याचं हे गाव कानंदीच्या खोऱ्यात आहे. हे कानद खोरं, शेजारचं गुंजण मावळ. ही नावं शाळेत शिवचरित्रात वाचली होती, पण सायकलीवरून गेल्यावरच कळतं की खोरं म्हणजे काय आणि एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायला किती घाम लागतो. तोरणा साधारण चौदाशे मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सगळ्यांत उंच गड. दिवसभर तो मान वर करायला लावतो. जेवण झालं की भट्टी, पासली या बाजूनं केळदकडं. दुसरा मुक्काम केळदच्या पुढं, मढे घाटाच्या माथ्यावर. तिथं सह्याद्री संपतो आणि पायाखाली एकदम महाडकडचं कोकण सुरू होतं. १६७० साली सिंहगड घेताना पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटानं खाली उमरठला नेला असं सांगतात. संध्याकाळी तिथं कड्यापासून लांब, गप्प बसावं. कविता करू नये. मी तीनदा करून पाहिली आहे, तिन्ही फाडल्या.

दोन तळांमधलं अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. पण पोरं हिशेब सांगतात तेव्हा तो ‘तळ ते तळ’ असा सांगतात, आणि मधल्या भागाला म्हणतात जंगल. जाहिरातीतही तसंच असतं: निर्जन रानातून सायकल सफर. हे निर्जन मला काही दिसलं नाही. दर पाऊण तासाला कुणीतरी भेटतंच. भाताची खाचरं, खळ्यात मळणी, वर नाचणी-वरईचे तुकडे, त्याच्या वर धनगरवाडा. देवराईत चिरा मांडलेला, त्याला शेंदूर ताजा. दगडाखाली फुरसं असतं आणि दगडावर म्हातारा बसलेला असतो. ‘कुठनं आलात?’ ‘पुण्याहून.’ ‘सायकलवं? गाडी नाय मिळाली?’ हा संवाद इतक्या वेळा झाला आहे की आमच्यातल्या बँकेच्या बाई आता उत्तर आधीच देऊन टाकतात.

दोन वर्षांपूर्वी भट्टीच्या अलीकडं आमच्यातल्या एकाचं टायर दगडानं चिरलं. नव्या तऱ्हेचं टायर, त्यात ट्यूबच नसते. दुधासारखं एक द्रव असतं, ते लहानसहान भोक आपोआप बुजवतं. हे भोक लहानसहान नव्हतं. बरोबरची राखीव ट्यूब घातली, तर तीही कुठंतरी घासलेली. पोरं मोबाइलला रेंज शोधत टेकाडावर गेली. मी ओढ्यात ट्यूब बुडवली, बुडबुडा पाहिला, पुसली, घासली, सोल्युशन लावलं आणि थांबलो. टायर चिरलं होतं तिथं आतून जुन्या टायरचा तुकडा बसवला. अर्ध्या तासात सायकल उभी. तो पोरगा म्हणाला, ‘‘काका, हे कुठं शिकलात?’’ मी म्हटलं, ‘‘घरी.’’

‘पंक्चरवाला’ हा शब्द अलीकडं आमच्या समाजाला हिणवण्यासाठी वापरतात. तुम्हीही ऐकला असेल, कदाचित हसलाही असाल. माझे वडील खरोखरच पंक्चर काढायचे, त्यामुळे मला तो शब्द शिवी म्हणून ऐकूच येत नाही. आधी सोल्युशनचा वास येतो. त्या पोरालाही तो शब्द ठाऊक होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून समजलं. त्यानं काही विचारलं नाही, मीही काही बोललो नाही. परत आल्यावर पुढच्या रविवारी तो माझ्या घरी आला आणि घमेल्याजवळ बसून पंक्चर काढायला शिकला. तीन वेळा घाई केली, तीनही वेळा हवा गेली.

आता त्या वाटेकडं येतो. वेल्हे ते केळद या टप्प्यात आम्ही एका ठिकाणी डांबर सोडून पायवाट धरतो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण प्रकरण चालू आहे. दीडेक किलोमीटरचीच वाट, पण अख्ख्या फेरीतला सगळ्यांत सुंदर तुकडा. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला करवंदीची जाळी, आणि रुंदी अगदी त्या निळ्या चौकोनात सांगितलेली. तिथं वरच्या वाडीतल्या एक आजी नेहमी भेटायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला घरी नेलं. नाव-गाव विचारलं. मी माझं नाव सांगितल्यावर त्या जरा थबकल्या. मला वाटलं, झालं. तर म्हणतात, ‘‘आता कसं करायचं बाबा? आज एकादस. आमच्याकडं कोंबडं नाय व्हायचं.’’ आम्ही साबुदाण्याची खिचडी खाल्ली. मी दोनदा मागून घेतली, तेव्हा कुठं त्यांची काळजी मिटली.

गेल्या दिवाळीनंतर गेलो, तर वाटेच्या तोंडाशी तारेचं कुंपण. सिमेंटचे खांब, पाच पदरी काटेरी तार, आत ‘खासगी मालमत्ता’ असा फलक. जमीन शहरातल्या एका माणसानं घेतली होती. आमच्यातल्या पोरांनी लगेच सायकली तारेवरून पलीकडं द्यायचा बेत केला. तेवढ्यात वरून आजी आल्या, डोक्यावर गवताचा भारा. कुंपणाशी थांबल्या आणि आम्हाला म्हणाल्या, ‘‘तुमी जाल रं उड्या मारून. म्हस कशी जायाची?’’

हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. त्या वाटेनं म्हशी ओढ्यावर जायच्या. पोरं शाळेत जायची. उन्हाळ्यात झऱ्याचं पाणी त्याच वाटेनं वर यायचं. कुंपण गौरी-गणपतीच्या सुमारास पडलं, तेव्हापासून सगळ्यांना लांबचा वळसा. राखणदार म्हणून मालकानं शेजारच्याच गावचा पोरगा ठेवला होता. तो बिचारा आमच्याकडं पाहायलाही तयार नव्हता. महिन्याला पगार मिळतो, तो सोडून त्यानं काय करावं? आणि मालकाच्या बाजूनंही बोलायचं तर, त्यानं पैसे मोजून जमीन घेतली होती. विकणाऱ्यानं वाटेचा उच्चारही केला नसेल.

घरी आल्यावर मी आणि दातांचे डॉक्टर, दोघंही या गोष्टीच्या मागं लागलो. मुद्रितं तपासून तपासून मला बारीक अक्षर वाचायची सवय आहे, ती कामाला आली. श्रोतेहो, ही माहिती तुमच्यापैकी कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून सांगतो. प्रत्येक गावाचा एक गावनकाशा असतो. त्यावर दोन तुटक रेघा असतील तर ती गाडीवाट, आणि एकच तुटक रेघ असेल तर पायवाट. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायवाटेची सव्वाआठ फूट. पायवाट म्हटल्यावर आपल्याला दोन पावलांची जागा वाटते. सरकारी हिशेबात ती सव्वाआठ फूट आहे. कुणी अशी वाट अडवली तर १९०६ सालचा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे. त्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदारांकडं अडथळा काढून मिळावा म्हणून दावा करता येतो. वकील नसला तरी चालतं. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. शेताला जायला वाटच नसेल आणि बांधावरून नवी हवी असेल, तर ते वेगळं. त्यासाठी १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं १४३ वं कलम आहे. पुष्कळ लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि तोवर सहा महिने निघून जातात.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत दोन महिने गेलेच होते. पुढच्याच रविवारी आम्ही परत गेलो. वाडीतल्या लोकांबरोबर बसलो, गावनकाशाची नक्कल मिळवली. एक तुटक रेघ, ओढ्याच्या कडेनं, वाडीपर्यंत. आजींनी नकाशा उलटा धरला होता, तरी ओढा बरोबर ओळखला. वाडीतल्या चौघांच्या नावानं अर्ज केला. आमची नावं घातली नाहीत. वाट त्यांची, आम्ही जाणारे-येणारे.

आणि इथं गंमत झाली. मालकाकडं नोटीस गेल्यावर त्यांनी माणूस पाठवून कुंपणात फट ठेवली. दोन खांबांच्या मधली तार कापून दोन फुटांची जागा. निरोप असा की ट्रेकिंगवाले, सायकलवाले यांना आमची हरकत नाही, त्यांनी खुशाल जावं. माघातल्या फेरीत आम्ही ती फट मोजली. बरोबर चोवीस इंच. म्हणजे निळ्या चौकोनाची अट पुरी झाली होती! माझ्या सायकलीचं हँडल तीस इंच आहे. पण ते वाकडं करून, पुढचं चाक उचलून सायकल पलीकडं जाते. भारा जात नाही. म्हैस तर नाहीच नाही.

आमच्या गटात त्या रात्री मढे घाटाच्या तळावर बरीच वादावादी झाली. दोघा-तिघांचं म्हणणं, आपलं काम झालं, आता मालकाला दुखवलं तर तो फटही बुजवेल. गावाचं गाव बघून घेईल. हे म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मी एवढंच म्हटलं की ही दीड हाताची वाट आपल्याला मिळाली, कारण सव्वाआठ फुटांवर आजवर जनावरं चालली. पायवाट ही न बांधलेली गोष्ट आहे. तिच्यावरचे खुरांचे ठसे थांबले की दोन पावसाळ्यांत तिथं करवंदीची जाळी होते आणि मग आपल्यासाठी चोवीस इंचही उरत नाहीत. वर्षातून दोनदा येणाऱ्या सात सायकलींनी वाट मोकळी राहत नसते. बँकेच्या बाई म्हणाल्या, ‘‘काका, भाषण पुरे. साक्ष द्यायला कोण कोण येतंय ते सांगा.’’ पाच हात वर झाले. त्यात पंक्चर शिकलेला पोरगा होता. न आलेल्या दोघांशी आमचा अबोला नाही. ते दर रविवारी टेकडीवर असतातच.

स्थळपाहणीच्या दिवशी मंडल अधिकारी आले. पंच, तलाठी, वाडीतली झाडून सगळी माणसं. टेप धरून मोजणी झाली. मग जबाब. मला विचारलं, ‘‘तुमचा या वाटेशी संबंध काय?’’ मी म्हटलं, ‘‘वर्षातून दोनदा सायकलीवरून जातो, आठ वर्षं झाली.’’ त्यांनी तसंच लिहून घेतलं. व्यवसाय विचारला. मी मुद्रितशोधक म्हणालो. कवी म्हणायची हिंमत झाली नाही, पंचांसमोर कशाला उगाच.

मग आजींना विचारलं, ‘‘तुम्ही या वाटेनं कधीपासून जाता?’’

‘‘लगीन होऊन आले तवापासनं.’’

‘‘साल सांगा.’’

आजींनी जरा वर पाहिलं. ‘‘साल मला काय ठावं? पानशेत फुटलं ना, त्येच्यानंतर दोन पावसाळं गेलं नि माझं लगीन झालं.’’

पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. अधिकाऱ्यांनी बोटावर मोजलं आणि कागदावर १९६३ असा आकडा लिहिला. आजींनी अंगठा दिला. म्हैस तोवर फटीपाशी येऊन उभी होती, तिला पोरांनी परत वळवलं.

निकाल अजून व्हायचा आहे. पुढची तारीख सोमवारी पडली आहे. आम्ही पाच जण रविवारीच निघणार आहोत, पाबे खिंडीतून.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)